साडेसहा कुणाचे?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. ऑफिसात अशी हाक मारली की तू वैतागायचास. आता मी निवृत्त आहे, तेव्हा चालवून घे.

तू पाठवलेला जिमच्या पत्रकाचा फोटो दोनदा वाचला. फॅमिली पॅकेज, चौघांचं, वर्षाचे ३६ हजार, आणि खाली लाल अक्षरांत ‘ऑफर रविवारपर्यंतच’. तुला वाटतंय, पैसे भरले की घर आपोआप हलेल. मलाही असंच वाटलं होतं.

आमचीच गोष्ट सांगते. ह्यांनी आणि मी जोडीनं वर्षाची मेंबरशिप घेतली होती. हे तीन-चार महिने नेमानं गेले, मी अकरा वेळा. आकडा पक्का आहे, कारण तिथं रजिस्टरात सही करावी लागायची आणि वर्षअखेरीला मी पानं उलटून मोजलं. ‘तुला चिकाटीच नाही,’ हे म्हणाले. बरीच वर्षं मीही तेच मानत होते. मग कधीतरी हिशोब मांडायच्या जुन्या सवयीनं ती सकाळ कागदावर मांडली. बॅच साडेसहाची. साडेसहाला आमच्या शेगडीवर एकीकडे चहा, दुसरीकडे तवा. सात दहाला लेकाची रिक्षा, साडेसातला ह्यांचा डबा. मेंबरशिप दोघांची होती, पण साडेसहा मोकळे होते ते एकट्या ह्यांचे.

म्हणून पैशांचं नंतर बघू. आधी तुझ्या घरात पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ कोण काय करतं, ते खरं खरं लिहून काढ. बायकोला ‘येशील ना?’ असं विचारू नकोस, ती हो म्हणेल. ‘किती वाजता?’ असं विचार. मग ती ज्या गोष्टी मोजेल, कणीक, भाजी, पाण्याच्या बाटल्या, लेकाचा युनिफॉर्म, आजोबांचा नाश्ता, त्यातल्या तीन दिवसांच्या तू उचल. ‘मदत करतो’ या भाषेत नको. सोमवार, बुधवार, शुक्रवार डबा तुझा म्हणजे तुझा, भाजी कुठली ते सुद्धा तिला विचारायचं नाही. पोळ्या जमत नसतील तर पोळीवाल्या मावशींना सांग, भाजी रात्री चिरून ठेव. हे चार आठवडे करून बघ. त्या तासात तिनं चालावं, सूर्यनमस्कार घालावेत, नाहीतर नुसती झोपली तरी चालेल. चार आठवड्यांनी तो तास टिकलेला असला तर जिमचं बघ. टिकला नाही तर तुझे ३६ हजार वाचले.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन जिममधल्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या हजेऱ्या तपासल्या. तो अभ्यास २००६ साली छापून आला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारी माणसं सरासरी चार-साडेचार वेळाच जात होती. म्हणजे एका खेपेला सतरा डॉलरच्या वर, आणि तिथंच दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप दहा डॉलरला पडली असती. वर्षाचे पैसे भरताना माणूस आज असलेल्या स्वतःचे भरत नाही, उद्या होणाऱ्या शहाण्या माणसाचे भरतो. म्हणून पहिल्यांदा महिन्याचंच घे, महाग पडलं तरी. ‘ऑफर संपेल’ म्हणतील. दिवाळीला, नव्या वर्षाला, पाडव्याला ती पुन्हा उगवते.

एकवीस दिवसांत सवय लागते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शहाण्णव जणांवर हे पाहिलं गेलं. साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण कुणाला अठरा पुरतील आणि कुणाला अडीचशेही लागतील अशी ती तफावत होती. मला त्यातलं आवडलं ते वेगळंच: मध्ये एखादा दिवस बुडाला तरी फारसं बिघडत नव्हतं. आपण मात्र मंगळवार चुकला की ‘आता सोमवारपासून’ म्हणतो.

जिमची खरी गरज कशासाठी, तेही बघ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. चालायला पैसे कशाला? पुण्यात राहतोस, तळजाईची टेकडी आहे, पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. ट्रेडमिलसाठी ३६ हजार देऊ नकोस. ताकदीचा व्यायाम मात्र शिकवणारा चांगला असेल तर पैसे वसूल होतात, आणि तो सगळ्यात जास्त लागतो तुझ्या आईला. आपल्याकडे बायका जन्मभर पाण्याच्या कळशा आणि गव्हाचे डबे उचलतात, आणि साठीनंतर दोन किलोचा डंबेल पाहून घाबरतात! गुडघे दुखतात म्हणून बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू आणखी उतरतात. डॉक्टरांना विचारून खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं घरीच सुरू करा. पासष्टीपुढे तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीनदा हवेत. जिममधल्या ट्रेनरला एवढंच विचार: ‘बासष्ट वर्षांच्या, गुडघेदुखीच्या बाईंना पहिल्या महिन्यात काय द्याल?’ त्यानं आधी तुझे दंड चाचपले तर घरी निघून ये.

बाबांना साखर आहे. इन्सुलिनवर किंवा काही गोळ्यांवर असलेल्यांची साखर व्यायामानं एकदम उतरू शकते. त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्यांचं नाव घालू नकोस, आणि चालायला गेले तरी खिशात साखर असू दे. त्यांना खरं तर शतपावली पुरेशी उपयोगी आहे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की साखर कमी चढते. आजीचं ऐकायला आपण उगाच तीस वर्षं लावली.

बाकी जिम बघायला जाशील तेव्हा तुम्ही ज्या वेळी जाणार त्याच वेळी जा. दुपारी तीनला सगळीच जिम रिकामी आणि चकचकीत असतात. आजारपणात किंवा गावी गेल्यावर मेंबरशिप किती दिवस थांबवता येते, ते लेखी घे. पर्सनल ट्रेनिंगचे पैसे वेगळे असतात, ते आधी विचार. बिलही बघ, जिमवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वरून ५ टक्के झालाय. लेकाला त्यात ओढू नकोस, त्याला रोज तासभर मैदानावर सोड.

खाण्याबद्दल तुला काय सांगू, डब्यात उसळ असली की तू चिवडा विकत घ्यायचास. तेवढं थांबव. आणि फोनचा चार्जर हॉलमध्ये ठेव, उशाशी नको. साडेबाराला झोपून साडेपाचला उठणारा माणूस दोन आठवडे वीर असतो.

रविवारी जिममधून फोन आला की सांग, घरातलं वेळापत्रक ठरतंय, महिन्यानं कळवतो. चौथं नाव आईंना विचारूनच लिही. त्यांना सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर बागेत जायचं असेल तर जाऊ देत.

तुझी,
जुनी साहेब

ता. क. : कणीक मळता येत नाही हे मला माहीत आहे. शनिवारी अकराला ये, शिकवते. बायकोला आणू नकोस, तिला तेवढा वेळ सुट्टी.