अशील नाचत नाही, तो तारखेला हजर राहतो

ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. परिसरातल्या बारविरुद्ध रहिवासी फलक लावणार आहेत आणि मजकूर ठरलाय, 'अशील नृत्य व पैशांची उधळण बंद करा'. 'अशील' बरोबर की 'अश्लील'? मूळ शब्द 'शील'च ना? आणि या उधळणीला नेमका मराठी शब्द आहे का?

फलक छापायला गेला असेल तर आधी तो थांबवा. अशील म्हणजे वकिलाचा पक्षकार. अरबीतला 'असील', म्हणजे मूळचा, अस्सल. वकील दुसऱ्याच्या वतीने बोलतो. ज्याच्या वतीने बोलतो तो मूळ माणूस, असील. 'असल', 'अस्सल' हे त्याच घरातले, झुंजीचा असील कोंबडाही तिथलाच. मराठीने 'स'चा 'श' केला एवढंच. म्हणजे तुमचा फलक पक्षकारांच्या नाचावर बंदी मागतो. कोर्टनाक्यावर लावलात तर निदान लोक हसतील तरी.

'अश्लिल' हेही चूक, 'ली' दीर्घच. आणि सभेत तावातावाने 'अश्लाघ्य नाच' म्हणणाऱ्यांसाठी: अश्लाघ्य म्हणजे श्लाघा, अर्थात स्तुती, करण्याजोगं नसलेलं. महापालिकेचा अर्थसंकल्पही अश्लाघ्य असू शकतो, त्याला नाचावं लागत नाही.

आता 'शील'. 'ज्यात शील नाही ते अश्लील' ही व्युत्पत्ती भाषणांत, निबंधांच्या गाइडांत आणि बारबंदीच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येते. संस्कृतच्या पदव्या मिरवणारी मंडळीही ती ठोकून देतात, याचा संताप येतो. अहो, अ आणि शील जोडून 'अशील' होईल. 'श'ला चिकटलेला 'ल' काय वाटेत उचलला? तो 'ल' म्हणजे 'र' आहे. मूळ शब्द श्री. श्री असलेलं ते श्रीर, श्रील, श्लील. नसलेलं ते अश्रीर, अश्लील. र आणि ल यांची अदलाबदल संस्कृतात नेहमीची: रोम-लोम, शुक्र-शुक्ल.

पुरावा हवा असेल तर तो इतका स्वच्छ आहे की वाद संपायला हवा. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात (१०.८५.३०) ओळ आहे, 'अश्रीरा तनूर्भवति रुशती पापयामुया'. तीच ओळ अथर्ववेदात (१४.१.२७) येते ती अशी: 'अश्लीला तनूर्भवति रुशती पापयामुया'. मंत्र एकच, जागा एकच, फक्त 'अश्रीरा'च्या ठिकाणी 'अश्लीला'. यापुढे 'शील' घेऊन येणाऱ्याने आधी ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवावीत.

ओळीचा अर्थ तर त्याहून बहारीचा. नवऱ्याने वधूचं वस्त्र आपल्या अंगावर ओढलं की त्याचं एरवी उजळ शरीर कळाहीन होतं, असं ती सांगते. म्हणजे हा शब्द आपल्याला अगदी जुन्या काळात भेटतो तो पुरुषाच्या देहाचं वर्णन करताना, आणि तेही कपडा अंगावर चढवल्याबद्दल! अर्थही वासनेचा नाही, अवकळेचा. ऋग्वेदातच अन्यत्र (६.२८.६) गाईंना म्हटलंय की तुम्ही कृश माणसाला पुष्ट करता आणि 'अश्रीर' माणसाला देखणं करता. तिथे लाजेचा मागमूस नाही.

लाज चिकटली ती पुढे, आणि तीही एकटी नाही. अकराव्या शतकातला काव्यशास्त्रकार मम्मट आपल्या काव्यप्रकाश या ग्रंथात अश्लील दोषाचे तीन प्रकार सांगतो: व्रीडा म्हणजे लाज, जुगुप्सा म्हणजे किळस, आणि अमंगल. त्याची उदाहरणं वरवर अगदी साधी आहेत. 'साधन' म्हणजे सैन्य, पण दुसरा अर्थ लाजेचा. 'वायु' म्हणताच नको तो वारा आठवतो. 'विनाश' म्हणजे दिसेनासं होणं असं कवीला म्हणायचं असलं तरी मरणाची चाहूल लागतेच. आजच्या वादात या तिघांतली फक्त व्रीडा उरली आहे.

तिसऱ्या प्रकाराबद्दल माझं एक लाडकं मत आहे. मराठी 'ओंगळ' हा त्या 'अमंगल'चाच घासून उरलेला अवतार. अमंगल, अवंगळ, ओंगळ. स्वरांमधल्या 'म'चा 'व' होतो: ग्राम-गाव, नाम-नाव. 'अव'चा 'ओ' होतो: लवण-लोण. 'ल'चा 'ळ' होतो: फल-फळ. तिन्ही पायऱ्या मराठीच्या रोजच्या वहिवाटीतल्या आहेत, म्हणून त्याला नुसता 'देशी शब्द' म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं पटत नाही. बाई 'काय ओंगळ नाच तो' म्हणते तेव्हा ती मम्मटाचे दोन प्रकार एका शब्दात उरकते, जुगुप्सा आणि अमंगल.

शील आणि श्लील यांतला फरक ही भाषेच्या किड्यांची चैन नाही, कारण बारचा सगळा कज्जा त्याच्यावरच फिरला आहे. शील माणसाचं असतं. अश्लील असते कृती, ओळ, चित्र. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ कलम घालून राज्याने बारमधला नाचच बंद केला आणि ३३-ब कलमाने तारांकित हॉटेलांना सूट दिली. म्हणजे नाच तोच, जागा महाग असली की चालतो. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते कलम रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते रद्द करणं कायम ठेवलं. मग २०१६ चा कायदा आला, ज्याच्या नावातच 'अश्लील नृत्य' आहे. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ जानेवारी २०१९ चा. अश्लील नृत्याची व्याख्या न्यायालयाने टिकवली, कारण त्यात कृत्यं सांगितली आहेत: केवळ वासना चाळवण्यासाठी योजलेला नाच, लैंगिक कृत्य, शरीरसंबंधाची तयारी सुचवणारे हावभाव, नग्नता. परवाना मागणारा 'चांगल्या चारित्र्याचा' हवा, ही अट मात्र संदिग्ध म्हणून उडवली. श्लील टिकलं, शील उडालं. शाळा-देवळांपासून एक किलोमीटरची अट आणि सीसीटीव्हीची सक्तीही गेली. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ राहिली.

म्हणून तक्रारअर्जात 'अश्लील प्रकार चालतात' एवढं लिहून काही होत नाही. तो तुमचा निष्कर्ष झाला. तारीख, वेळ आणि प्रत्यक्ष काय दिसलं ते लिहा. अपुरे कपडे हे कारण एकटं पुरत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये एका रिसॉर्टच्या प्रकरणात सांगितलंच आहे. नुसतं '२९४' लिहिलंत तरी गोंधळ होतो. जुन्या दंड संहितेत २९४ म्हणजे अश्लील कृत्यं व गाणी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम २९६ झालं आणि २९४ अश्लील पुस्तकांकडे गेलं. २९६ साठीही उघड जागी, इतरांना त्रास होईल अशी कृती असावी लागते, तेव्हा त्रास कोणाला झाला हे अर्जात यायला हवं. अर्ज जातो कुठे हेही पाहा. नाचाचा परवाना पोलिसांकडे, परमिट रूमचा एफएल-३ राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. महापालिका वाढीव बांधकाम, अग्निसुरक्षा आणि स्वच्छता बघते. तिथे 'अश्लील' म्हणून ओरडलात तर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाईल, ठाण्यात काय आणि वाशीत काय.

उधळणीचं राहिलंच. शब्द आहे, आणि तमाशाच्या बोर्डावर तो मुरलेला आहे: दौलतजादा. यातला 'जादा' शहजाद्याचा नव्हे, त्यामुळे 'श्रीमंताचा पोरगा' असा अर्थ लावू नका. हा 'ज्यादा', अधिक. पैसा पडला की कलावंत दुवा द्यायचे, 'दौलत ज्यादा', तुमची संपत्ती वाढो. देणाऱ्याला मिळालेला आशीर्वाद पुढे देण्याच्या कृतीचंच नाव झाला. २०१९ च्या निकालाने नोटा-नाणी फेकण्यावरची बंदी कायम ठेवली आणि बक्षिशी द्यायला मोकळीक दिली, म्हणजे हातात दिलेलं चालतं, अंगावर टाकलेलं चालत नाही. 'दौलतजादा' नेमका या दुसऱ्या प्रकाराचा शब्द. तरी फलकावर 'पैशांची उधळण'च राहू द्या, रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबून कोश उघडायला लावू नये.