वाचकांचे प्रश्न : हजार सारस आणि एक अडलेला आकडा

प्रश्न : मी एका प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी ६ ऑगस्टला चौथीच्या वर्गाला हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्ट सांगते आणि मुलांकडून कागदाचे पक्षी करून घेते. माझ्याजवळच्या पुस्तकात सादाकोने ६४४ पक्षी केले आणि उरलेले तिच्या वर्गमित्रांनी पूर्ण केले, असे दिले आहे. यंदा एका पालकांनी मात्र तिने स्वतःच हजाराहून अधिक पक्षी केले होते, असे सांगितले. खरे काय आणि मुलांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : पालकांचे म्हणणे बरोबर आहे. ६४४ हा आकडा एलेनॉर कोअर यांच्या १९७७ सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे जगभर गेला. उरलेले ३५६ पक्षी मित्रमैत्रिणींनी केले आणि हजाराचा आकडा पुरा झाला, असा त्या पुस्तकाचा शेवट आहे. हिरोशिमाचे शांतता स्मारक संग्रहालय आणि सादाकोचे थोरले भाऊ मासाहिरो यांचे सांगणे निराळे आहे : तिचे हजार पक्षी झाले होते आणि त्यानंतरही ती घड्या घालतच राहिली.

आपल्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावरही थांबले असते. परंतु आकडा बदलला की गोष्टीचा अर्थच बदलतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सादाकोचा जन्म ७ जानेवारी १९४३ चा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता अणुबाँब पडला, तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि स्फोटाच्या केंद्रापासून दोन किलोमीटरांच्याही आत असलेल्या आपल्या घरी होती. तिला त्या वेळी फारशी इजा झाली नाही. पुढे ती शाळेत जाऊ लागली, पळण्याच्या शर्यतींत चमकू लागली, आणि जवळजवळ साडेनऊ वर्षांनी, १९५४ च्या अखेरीस, तिच्या मानेवर गाठी दिसू लागल्या. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिला रक्ताच्या कर्करोगासाठी हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयात दाखल केले. हजार सारस करणाऱ्याची इच्छा पुरी होते, अशी जपानी लोकांची समजूत आहे. त्या ऑगस्टमध्ये नागोयाच्या विद्यार्थ्यांनी रुग्णालयात कागदी सारस पाठवले आणि तिथून तिने घड्या घालायला सुरुवात केली. (आपल्याकडे वर्गात कोणी त्यांना बगळे म्हणते, कोणी करकोचे. जपानी समजुतीतला पक्षी सारसाच्या कुळातला आहे, एवढे मुलांना जरूर सांगावे.) कागदाची टंचाई होती, त्यामुळे औषधाच्या पुड्यांचे कागदही तिने वापरले. त्यांतले काही इवलेसे सारस आज संग्रहालयात आहेत. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती गेली; तेव्हा ती बारा वर्षांची होती.

आता नऊ वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. त्याला नुकतीच वजाबाकी आलेली असते. १००० वजा ६४४ म्हणजे ३५६ हे तो मनातल्या मनात करतो आणि लगेच विचारतो, ‘‘बाई, तेवढे आधीच झाले असते, तर ती वाचली असती का?’’ हा प्रश्न आपल्या वर्गातही आला असेल. पुस्तकाचा हेतू चांगला असला, तरी त्या अपुऱ्या आकड्यामुळे मुलाच्या मनात नकळत असे बसते की मृत्यूचे कारण पक्ष्यांच्या हिशेबात होते, किरणोत्सारात नव्हते. खऱ्या गोष्टीत ही पळवाट राहत नाही. हजार झाले, तरीही ती बरी झाली नाही आणि तरीही तिने कागद खाली ठेवला नाही. ही गोष्ट अधिक कठीण आहे हे मान्य. पण माझ्या मते मुलांना सांगायची हीच.

तिच्यानंतर जे घडले त्यावर मात्र पुष्कळ पुस्तके एका परिच्छेदात उरकतात, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सादाकोच्या वर्गमित्रांनी, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी, नोव्हेंबर १९५५ मध्ये हिरोशिमात भरलेल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेत पत्रके वाटली आणि अणुबाँबने मेलेल्या सर्व मुलांसाठी स्मारक उभारण्याचे आवाहन केले. जपानमधील तीन हजारांहून अधिक शाळांनी आणि नऊ परदेशांनी पैसे पाठवले. ५ मे १९५८ रोजी, म्हणजे जपानच्या बालदिनी, नऊ मीटर उंचीच्या स्मारकाचे अनावरण झाले. शिल्पकार काझुओ किकुची यांनी माथ्यावर सोनेरी सारस उंच धरलेली मुलगी उभी केली. खालच्या शिलेवरील मजकूर असा : ‘ही आमची हाक आहे, ही आमची प्रार्थना आहे, जगात शांतता उभारण्यासाठी.’ आज तेथे दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी सारस येतात आणि त्यांचे वजन दहा टनांच्या घरात जाते.

तेव्हा वर्गात पक्षी करून घ्याच. मात्र ते इच्छापूर्तीसाठी आहेत असे सांगू नका. त्या मुलांनी पत्रक लिहिले होते, हे सांगा आणि आपल्या वर्गाने पत्रक लिहिले तर त्यात काय असावे, हे विचारा. १९४५ अखेर सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली, हा आकडा फळ्यावर लिहिण्याची चौथीत गरज नाही. एका मुलीचे नाव त्या वयाला पुरते.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या नातीने शाळेच्या ग्रंथालयातून टोकियोच्या प्राणिसंग्रहालयातील हत्तींचे इंग्रजी चित्रपुस्तक आणले. ते वाचून ती रात्रभर रडली, तेव्हा सूनबाईंनी दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत केले. मला ते पटले नाही. आपले मत काय?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : सूनबाईंना मी दोष देणार नाही. हे पुस्तक सात वर्षांच्या मुलीने रात्री एकटीने वाचण्याचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात टोकियोच्या युएनो प्राणिसंग्रहालयातील जॉन, टोंकी आणि वान्री हे तीन हत्ती उपाशी ठेवून मारण्यात आले, हे सत्य आहे. मूळ जपानी कथा १९५१ ची असून ती जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मोठ्याने वाचून दाखवली गेली आहे.

माझा आक्षेप रडण्याला नाही, दुसऱ्याच गोष्टीला आहे. बाँब पडत होते, पिंजरे फुटून जनावरे शहरात शिरली असती, म्हणून नाइलाज झाला, असे पुस्तक सुचवते. प्रत्यक्षात प्राणी मारण्याचा टोकियोच्या गव्हर्नरांचा आदेश ऑगस्ट १९४३ चा आहे. एप्रिल १९४२ मधला एक हल्ला सोडला, तर टोकियोवरचे सततचे बाँबहल्ले नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झाले. लोकांच्या मनाची त्यागासाठी तयारी करणे, हाही त्या आदेशामागचा हेतू होता, असे इतिहासकार मांडतात. याहून विदारक तपशील असा, की ४ सप्टेंबर १९४३ रोजी शाळकरी मुलांसह प्राण्यांसाठी प्रार्थनासभा झाली, तेव्हा दोन हत्ती अजून जिवंत होते. पुस्तकात युद्ध आकाशातून पडते आणि माणसाचा निर्णय अदृश्य होतो. हे दुःखापेक्षा अधिक घातक आहे, कारण मूल त्यातून असे शिकते, की युद्ध पावसासारखे येते.

नात आठ-नऊ वर्षांची झाली, की ते पुस्तक पुन्हा आणा, शेजारी बसून वाचा आणि शेवटचे पान मिटल्यावर पुढची हकिकत आपण सांगा. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी पंडित नेहरूंना शेकडो पत्रे लिहून हत्ती मागितला. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताची हत्तीण टोकियोला पोहोचली. तिला नेहरूंनी आपल्या मुलीचे, इंदिरेचे, नाव दिले होते. ही भेट माझी नसून भारतातील मुलांनी जपानमधील मुलांना दिलेली आहे, अशा आशयाचे पत्रही त्यांनी सोबत धाडले. आजोबांच्या तोंडून ऐकायला ही गोष्ट फारच छान आहे.

प्रश्न : अशी पुस्तके नेहमी दूरदेशीची असतात. युद्धाने पोळलेल्या मुलांचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आहे, आणि तो कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात त्यांची छावणी होती. तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, आणि त्यांत बायका-मुलांचाच भरणा होता. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. आपल्या मुलांना घेऊन एखाद्या रविवारी महावीर उद्यानात जा. पंचगंगेच्या काठी बर्फाच्या देशातली मुले पाच वर्षे कशी राहिली, काय खात होती, मराठी किती शिकली, हे प्रश्न ती आपण होऊन विचारतील. गावातल्या जुन्या माणसांकडे त्यांतली काही उत्तरे अजून मिळू शकतील. ती मिळाली, तर आम्हाला अवश्य लिहून पाठवा.