वाचकांचे प्रश्न : शिक्षकाची फेसबुक पोस्ट

प्रश्न : कोथरूडच्या खासगी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. पटसंख्येच्या धोरणावर फेसबुकवर टीका केली; संस्थेने खुलासा मागितलाय. नोकरी जाईल का?

उत्तर : एवढ्यावरून लगेच नाही. धोरणावर मत मांडणं संविधानाच्या कलम १९(१)(अ) मध्ये (अभिव्यक्ती स्वातंत्र्य) बसतं. पण या स्वातंत्र्यावर कलम १९(२) चे निर्बंध आहेतच, अब्रुनुकसानी त्यातलाच एक. ‘निर्णय चुकीचा’ हे मत. ‘मुख्याध्यापक पैसे खातात’ हा आरोप, पुरावा नसेल तर अब्रुनुकसानी. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही सांभाळा, स्क्रीनशॉट तिथूनच फुटतात. मुलांची नावं, गुणपत्रिका, फोटो तर नकोच.

तुम्हाला १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू. (जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे वर्तणूक नियम वेगळे आणि कडक.) पोस्ट घाईने उडवू नका, आधी तारीख-वेळेसह प्रत काढा. चौकशी करायची ठरली तर दोषारोप लेखी येतात, उत्तराला ७ दिवस मिळतात. उत्तर लेखीच द्या, पोच घ्या. चौकशी समितीत तुमचा एक प्रतिनिधी असतो. तो नेमायला विसरू नका. बडतर्फीचा आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. माफीनामा मात्र लिहून देऊ नका, पुढे तोच कबुलीजबाब म्हणून फाइलीला लागतो.