वाचकांचे प्रश्न : घरच्या फाउंड्रीचा इतिहास कसा लिहावा?

प्रश्न : आजोबांनी सुरू केलेली फाउंड्री आणि मशीन शॉप आता आमच्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, हाती आहे. तिचा इतिहास लिहून ठेवायचा आहे. परंतु जुनी कागदपत्रे फारच थोडी उरली आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : पॅटर्नच्या खोलीपासून करावी. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना; तो वाळूत दाबून साचा करतात. कागद थोडे उरले म्हणून इतिहासही थोडाच उरला असे मुळीच नाही, कारण कारखान्यात काय काय ओतले गेले याचा मोठा पुरावा त्या लाकडी पॅटर्नमध्येच असतो. ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून पॅटर्न वस्तूपेक्षा किंचित मोठा करतात. बिडासाठी ही वाढ साधारण १ टक्का, तर पोलादासाठी सुमारे २ टक्के धरतात. मशिनिंग न होणारी एखादी लांबी नकाशावर ५०० मिलिमीटर असून पॅटर्नवर ५०५ भरली तर तो बिडाच्या कामाचा, आणि ५१० च्या आसपास भरली तर पोलादाच्या कामाचा, असा तर्क करता येतो. बुजवलेली भोके, मागाहून ठोकलेल्या पट्ट्या आणि रंगाचे थर यांवरून वस्तूत कोणते बदल होत गेले तेही उमगते. प्रत्येक पॅटर्नचे छायाचित्र घ्या, मापे नोंदवा आणि मगच तो जागचा हलवा.

ओतकामाच्या शेजारी मशीन शॉप कधी आणि कशासाठी आले, यावर मात्र स्वतंत्र प्रकरण लिहावे. इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी यांनी १७०९ मध्ये कोकवर, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेल्या इंधनावर, लोखंड गाळले आणि पुढे त्यांच्या घराण्याने तो व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालवला. तरीही वाफेच्या यंत्राचा मोठा सिलिंडर ओतता येणे वेगळे आणि तो आतून नेमका गोल करणे वेगळे. जॉन विल्किन्सन यांनी १७७४ मध्ये तोफांसाठी काढलेल्या बोरिंगच्या पद्धतीतून पुढे सिलिंडरचे बोरिंग साधले, तेव्हा कोठे जेम्स वॉट यांच्या यंत्रातील वाफेची गळती आटोक्यात आली. तुमच्याकडेही पहिला लेथ बहुधा अशाच एखाद्या अडलेल्या कामापायी आला असेल. ते काम कोणते, हे शोधाच. यंत्रांवरील पाट्या व अनुक्रमांक उतरवून घ्या. छताच्या तुळयांना लाइनशाफ्टचे ब्रॅकेट अजून असतील, तर एकाच शाफ्टवरून पट्ट्यांनी सारी यंत्रे फिरत होती त्या काळाची ती खूण होय.

क्युपोलाची, म्हणजे बीड वितळवण्याच्या उभ्या भट्टीची, वही सापडल्यास कोक, चुनखडी, कच्चे लोखंड आणि भंगार यांची प्रमाणे जशीच्या तशी उतरवावीत.

जुन्या मोल्डर (साचे करणारे) आणि टर्नर (लेथ चालवणारे) मंडळींना ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे म्हणू नये, कारण त्यावर बहुधा दोन वाक्यांतच उत्तर संपते. त्यांच्यासमोर एखादा अवघड पॅटर्न ठेवावा आणि याचा कोअर (वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) कसा बसवत होता, कास्टिंग कोठे फसत होते, हे विचारावे. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी पुस्तकात यावे. मालकांच्या तीन पिढ्यांइतकाच त्यांचाही या इतिहासावर हक्क आहे.