शेपूट उडवू नकोस

प्रिय मित्रा,

कॉलेजच्या संघाच्या नव्या लोगोसाठी तू पाठवलेली तिन्ही स्केचेस काल रात्री मोठी करून पाहिली, मग मुद्दाम नखाएवढी करून पाहिली. हात चांगला आहे तुझा, त्यात वाद नाही. पण तिन्हींत चित्त्याचं नुसतं डोकं आहे: रागावलेले डोळे, टोकदार जबडा, भोवती जाड काळी रेघ. असं डोकं वाघाचं, लांडग्याचं, कुणाचंही चालेल. कान बदलले की प्राणी बदलतो. तुमच्या जुन्या लोगोतला चित्ता निदान पळतो तरी आहे. चित्र कच्चं आहे, मागचे पाय तर सशाचे वाटतात. पण ती आकड्यासारखी वळलेली शेपूट मी एकदाच पाहिली आणि अजून डोळ्यांसमोर आहे. नेमकी तीच तू उडवलीस.

पुढचं स्केच करायच्या आधी एक काम कर. संघातल्या दहा-बारा जणांना कोरा कागद दे आणि जुना लोगो न बघता काढायला सांग. माजी खेळाडू भेटले तर त्यांनाही, मैदान सांभाळणाऱ्यालाही. चित्रं भयानक येतील. हसू नकोस, शेजारी-शेजारी मांडून बघ. बहुतेकांच्या हातून जे उतरलं ते ठेवायचं. जे कुणालाच आठवलं नाही त्यावर खुशाल कात्री चालव. (बोधवाक्य कुणालाही आठवणार नाही, पैज लावतो.) शेपूट कुणीच काढली नाही तर मी चुकलो, मग तुझं डोकंच घेऊ.

अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या लोगोतला वाघाचा पंजा पाहिला असशील. 1970 पर्यंत त्यांच्याकडेही अख्खा वाघच होता, आणि वाघ मिरवणारी कॉलेजं तिथे पैशाला पासरी. ज्या जाहिरात संस्थेकडे काम गेलं, तिने वाघ आणखी देखणा करत बसण्याऐवजी शिकागोच्या संग्रहालयातून बंगाली वाघाच्या पंजाचा प्लॅस्टरचा साचा मिळवला, त्यावरून ठसा घेतला आणि तो जरासा उजवीकडे कलता केला. ठशाच्या तळाशी गळासारखी वळलेली एक बारकी खूण आहे. ती म्हणजे त्या वाघाच्या पंजावरचा व्रण, असं सांगतात. दुसऱ्या कुणी तो घासून गुळगुळीत केला असता. आज लोक तो पंजा गालावर रंगवतात, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तो रंगवलेला असतो. एक स्टेन्सिल आणि डबाभर रंग, एवढ्यात काम होतं. तुझं डोकं स्टेन्सिलमधून काढून बघ, कळेल मी काय म्हणतोय ते.

आता धाग्याविषयी, कारण तिथे मी स्वतः आपटलोय. सुरुवातीच्या काळात एका संघासाठी लांडगा केला होता. मानेवर केसांच्या बारीक बारीक रेघा, स्क्रीनवर इतक्या सुंदर दिसायच्या की मीच बघत बसायचो. भरतकामाच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, "साहेब, हे धाग्यात नाही यायचं." मी ऐकलं नाही. टोप्या तयार होऊन आल्या तेव्हा मान म्हणजे करड्या धाग्याचा गोळा झाली होती, आणि प्रशिक्षकांनी टोपी फिरवून विचारलं, "हे अस्वल का?" टोपीवर लोगोला पाच-सहा सेंटिमीटर उंची मिळते. तिथे एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ धड बसत नाही, आणि पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरांच्या पोटातल्या फटी बुजून जातात. म्हणून आधी एकाच रंगात, सपाट काळ्यात काढ. शेडिंग, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा) शेवटी सुचलं तर बघू. रंगाचा पँटोन नंबर (सगळीकडे नेमकी तीच छटा यावी म्हणून वापरतात तो क्रमांक) मात्र आजच ठरवून लिहून ठेव, नाहीतर जर्सीचा लाल एक, बॅनरचा लाल दुसरा.

तिसऱ्या स्केचमध्ये गालावर कॉलेजचं अक्षर कोरलंयस, ते बाहेर काढ. हेल्मेटच्या किंवा बाहीच्या एका बाजूला चित्ता पुढे पळत असेल, तर तेच चित्र दुसऱ्या बाजूला लावल्यावर मागे पळताना दिसतं. त्याला आरशातली प्रत लागते, आणि अक्षर काही उलटं करता येत नाही.

जुना लोगो कुठे कुठे आहे याची यादीही करून घे, बजेट ठरायच्या आधी. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने 2012 मध्ये मूळनिवासी जमातीवरून घेतलेलं संघाचं नाव सोडलं. नवं नाव 2015 मध्ये आणि नवा लोगो 2016 मध्ये आला. पण त्यांच्या आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये जुनं चिन्ह फरशीपासून खुर्च्यांपर्यंत हजारो ठिकाणी घडवलेलं होतं. सगळं उपटणं सोपं नव्हतं. तुमच्याकडे निदान जिमची फरशी आणि स्कोअरबोर्ड तरी असेलच.

आणि समितीपुढे जाशील तेव्हा "आवडला का?" असं विचारू नकोस. आवडीनिवडीवर सुरू झालेली बैठक संपत नाही. थेट टोपी आणि जर्सी टेबलावर ठेव, जुन्यातलं काय ठेवलं ते आधी सांग, नवं काय ते नंतर. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2012 मध्ये नवं चिन्ह आणलं तेव्हा जुनी मोहर गेलीच असा लोकांचा समज झाला. खरं तर पदव्यांवर ती राहणारच होती. पण पन्नास हजारांवर सह्या जमल्या आणि डिसेंबरात नवं चिन्ह मागे घ्यावं लागलं.

कागदावरच्या त्या चित्रांचे फोटो पाठव. त्यात तुझंही एक असू दे, न बघता काढलेलं. शेपूट येते का ते बघायचंय मला.