आर्ट्स घेतेयस ना, मग फॉर्म भरायच्या आधी पुस्तकं उघड

अगं,

तुझा मेसेज वाचला. आर्ट्स घ्यायचं पक्कं झालं हे वाचून बरं वाटलं, आणि "एवढे मार्क पडून आर्ट्स कशाला" असं मामा म्हणाले तेही वाचलं, तर मामांशी मी बोलतो, ते माझ्यावर सोड. तू विचारलंयस ते वेगळंच आहे, की इतिहास-राज्यशास्त्र-अर्थशास्त्र घेऊ का भूगोल-समाजशास्त्र-मानसशास्त्र, आणि यातलं स्कोअरिंग कुठलं. मी इतकी वर्षं ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतोय, त्यामुळे माझं माप जरा भूगोलाकडे झुकणार, तेवढं वजा करून वाच.

स्कोअरिंगचं आधी सोडून दे. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला या सगळ्या विषयांना 80 चा लेखी पेपर आणि उरलेल्या 20 ला तोंडी, प्रकल्प नाहीतर प्रॅक्टिकल. म्हणजे साचा एकच. पोरं मार्क कुठे घालवतात तर पुस्तक बाजूला ठेवून नुसतं गाइड पाठ करतात तिथे, आणि गाइड का पाठ करतात तर विषय आवडून घेतलेला नसतो, मैत्रिणीने घेतला म्हणून घेतलेला असतो.

त्यामुळे एक काम कर. ई-बालभारतीवर अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती उतरवून घे आणि बारावीची उघड, अकरावीची नको कारण अकरावीत बरंचसं ओळख करून देण्यातच जातं. आणि पहिलं प्रकरण वाचू नको, कुठल्याही विषयाचं पहिलं प्रकरण व्याख्यांचं आणि कंटाळवाणंच असतं, मधलं एखादं वाच. नावावरून या विषयांचा काही अंदाज येत नाही गं. राज्यशास्त्र म्हटलं की तुला नागरिकशास्त्र आठवणार, राष्ट्रपतीचे अधिकार वगैरे, पण बारावीचं पुस्तक सुरूच होतं 1991 नंतरच्या जगापासून, म्हणजे सोव्हिएत युनियन फुटलं तिथून, मग जागतिकीकरण, सुशासन, भारताचे इतर देशांशी संबंध. पेपर वाचायची सवय असलेल्या पोरीला ते कादंबरीसारखं जातं आणि नसलेलीला जडच जातं. इतिहासाचंही तसंच. तुला सनावळ्यांची भीती आहे हे माहितीये, पण तू दहावीला जो इतिहास शिकलीस त्यात रांके नि फुको असे विचारवंत होते, इतिहास लिहितात कसा हे होतं, सनावळ्या किती होत्या सांग बरं? बारावीचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून वसाहतवाद, महायुद्धं, शीतयुद्ध करत बदलत्या भारतापर्यंत येतं, आणि ते राज्यशास्त्राबरोबर वाचलं की दोन्हीचा अभ्यास अर्धा होतो. ही जोडी लोक घेतात ती उगाच नाही.

अर्थशास्त्राबद्दल तू लिहिलंयस की "त्यात गणित आहे म्हणे". आहे, पण घाबरण्यासारखं नाही, आणि जेवढं आहे तेवढं शीकच असं मी म्हणेन. बारावीला निर्देशांक नावाचं, म्हणजे भाव किती वाढले ते मोजायचं, एक प्रकरण आहे ते उघड. घरातल्या किराण्याचं मागच्या वर्षीचं बिल आणि आत्ताचं बिल घे, तेल, तूरडाळ, गहू, साखर असे चार-पाच जिन्नस, प्रत्येकाचे दोन्ही वर्षांचे भाव आणि किती किलो घेतले ते लिही. आता मागच्या वर्षी जेवढं घेतलं तेवढंच आजच्या भावाने घेतलं तर खर्च मागच्या खर्चाच्या किती टक्के, ही झाली लास्पेअरची पद्धत. आणि आज जेवढं घेतो तेवढं धरून दोन्ही वर्षांचे भाव लावले तर ती पाशेची. दोन उत्तरं वेगळी येतील, कारण तेल महागलं तर तुझी आई तेल कमी आणते. असल्याच निर्देशांकावर तुझ्या बाबांचा महागाई भत्ता ठरतो, तो वाढला की तुमच्या घरात काय वातावरण असतं ते मला सांगायला नको. हे करून बघताना मजा आली तर अर्थशास्त्र घे. नाही आली तर इतिहास-राज्यशास्त्राच्या ग्रुपात ते आहे म्हणून ओढत नेऊ नको.

आता माझा विषय, इथे थोडं लांबणार. भूगोल म्हणजे राजधान्या आणि पिकं असं दहावीपर्यंत वाटतं, ते ब्राझील आणि भारत करून करून तुम्ही पोरं वैतागलेली असता हे मला मान्य आहे. पण इथून पुढे नकाशा वाचायला शिकता येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचं टोपोशीट, म्हणजे एखाद्या भागाचा तपशीलवार नकाशा, असतं, 1:50,000 प्रमाणाचं, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर ते जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात, लागोपाठच्या दोन रेषांत उंचीचा 20 मीटरचा फरक, रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा आणि लांब लांब गेल्या की सपाटी. पिवळा रंग शेतीचा, हिरवा जंगलाचा. आणि आपल्या भागाचं शीट पाहिलंस तर ओढे बरेचसे निळे नसतातच, काळे असतात, कारण पावसाळा सोडला तर त्यात पाणी नसतं. पोरांना पहिल्यांदा हे दाखवलं की ती आपलं गाव शोधतात, मग आपला ओढा, आणि मग टँकर कुठल्या वस्तीला लागणार ते नुसत्या नकाशावरून सांगायला लागतात. चार विषय बसून वाचायचे असतील तर एक तरी असा घे ज्यात हाताने काहीतरी करावं लागतं, मोजावं लागतं. भूगोल किंवा अर्थशास्त्र, दोन्हीपैकी एक. हा माझा हट्ट समज.

समाजशास्त्राला "सोप्पं" म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. मुंबई विद्यापीठात 1919 साली पॅट्रिक गेडिस यांनी हा विभाग सुरू केला आणि नंतर तो चालवला गो. स. घुर्ये यांनी, जन्म मालवणचा, 1893 चा. पुण्याला डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे होत्या. त्यांनी देशभरातल्या नातेसंबंधांचा अभ्यास केला. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, किंबहुना हक्काचं मानतात, आणि उत्तरेत नुसतं ऐकून लोक कानावर हात ठेवतात, तर हे असं का, कुठपर्यंत, कुणाकुणात, याचा रीतसर माग त्यांनी काढला. हे सोप्पं आहे? प्रकल्पाला विषय हवा असेल तर ग्रामसभेला जाऊन बस, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी आपल्याकडे सहसा असतेच. तू अजून मतदार नाहीस त्यामुळे बोलता येणार नाही, पण कोण कुठे बसलं, कोण उभं राहून बोललं, बायका किती आल्या नि कधी उठून गेल्या एवढं जरी वहीत टिपलंस तरी पुस्तकातली दोन प्रकरणं समजतील.

मानसशास्त्र तुला समुपदेशक व्हायचंय म्हणून हवंय असं दिसतं. घे, पण बारावी झाली की कुणी समुपदेशक होत नाही, बीए, एमए आणि क्लिनिकलकडे, म्हणजे मानसिक आजारांच्या उपचाराकडे, जायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेची (RCI) मान्यता असलेलं प्रशिक्षण, एवढा रस्ता आहे. आणि बारावीला नाही घेतलं म्हणून बीएला दार बंद होतं असंही नाही. तर्कशास्त्र मात्र कुणी सुचवत नाही म्हणून मी सुचवतो, त्यात पाठांतर थोडं आणि चिन्हं फार, तुला कोडी आवडतात, बघ एकदा.

गणिताचं राहिलंच. आर्ट्सला गणित घेता येतं, पुस्तकच मुळी कला आणि विज्ञान दोन्हींसाठी एक आहे. पुढे अर्थशास्त्रात जायचं मनात असेल तर गणित सोडताना दहा वेळा विचार कर, दिल्ली विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स ऑनर्सला सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, गणित लागतंच. अडचण एवढीच की बऱ्याच कॉलेजात आर्ट्सच्या टाइमटेबलात ते बसवत नाहीत.

त्यावरून आठवलं. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यात तू कॉलेज आणि शाखा निवडतेस, पण विषयांचे ग्रुप कॉलेज ठरवतं. म्हणून पसंतीक्रम टाकायच्या आधी प्रत्येक कॉलेजात स्वतः जा, ऑफिसात नुसतं "कोणकोणते विषय आहेत" विचारून परत येऊ नको, कारण पत्रकावर सगळेच असतात. विचार की त्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का तासिका तत्त्वावर कोणी येतं, आणि भूगोलाची प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांग. कुलपाची किल्ली शोधायला वेळ लागला तर काय ते समजून जा. बारावीतल्या एखाद्या मुलीला गाठून विचारलंस तर आणखी बरं.

फॉर्मचा भाग दोन, म्हणजे पसंतीक्रमाचा, भरायच्या आधी कॉलेजांची यादी मला पाठव, यातल्या तीन-चार ठिकाणी माझ्या ओळखीचे लोक आहेत, विचारून ठेवतो. आणि किराण्याचं गणित घालून झालं की त्याचा फोटो टाक, मामांना तोच दाखवू.

— काका