ड्राइव्ह वर की खाली?

प्रश्न : आमची स्टर्नड्राइव्हची (इंजिन आत, पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर) बोट हंगाम संपला की चार-पाच महिने ट्रेलरवर उभी असते. मी ड्राइव्ह पूर्ण वर उचलून ठेवतो. खाली सोडला तर तळाचं पातं जमिनीला टेकेल, शिवाय येणारा-जाणारा त्याला ठेचकाळेल. बोटवाले मित्र मात्र म्हणतात, खालीच ठेवायचा. नक्की काय करू?

उत्तर : मित्रांचं ऐका. तुम्ही करताय ते मीही तीन वर्षं केलंय. वर उचललेला ड्राइव्ह दिसायला ऐटदार दिसतो, हे कबूल.

ड्राइव्ह बोटीच्या मागच्या भिंतीला जिथे जोडलाय तिथे हात घाला. पेटीच्या भात्यासारखी, घड्याघड्यांची जाड रबरी नळी हाताला लागेल. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटा कंपनीने ॲक्वामॅटिक नावाचा स्टर्नड्राइव्ह आणला, तेव्हापासून मांडणी मूळची तीच आहे : इंजिन आत, ड्राइव्ह बाहेर, आणि दोघांना जोडणारा युनिव्हर्सल जॉइंटचा, म्हणजे वाकूनही फिरणाऱ्या सांध्यांचा, शाफ्ट. हा शाफ्ट त्या भात्याच्या आतून जातो. बाहेरून पाणी, आत कोरडं, मध्ये फक्त रबर. ड्राइव्ह वर उचलला की वरच्या घड्या चेपतात आणि खालच्या ताणल्या जातात. तासाभरासाठी रबराला त्याचं काही वाटत नाही. चार महिने तसंच ठेवलं तर ते त्याच आकारात अंग धरतं आणि घडीच्या खोबणीत चिरतं.

माझ्या बोटीत चौथ्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी तळातलं पाणी उपसणारा पंप सारखा चालू व्हायला लागला. मी दोन दिवस तळाच्या बुचाला दोष देत बसलो. ड्राइव्ह खाली असताना भाता तपासला होता, तेव्हा त्यावर ओरखडाही दिसला नव्हता. मग बोट बाहेर काढून ड्राइव्ह वर उचलला, खालची घडी अंगठ्याने फाकवली, तर बोटाच्या पेराएवढी चीर 'आ' करून समोर. ड्राइव्ह खाली आला की ती मिटायची! भात्याबरोबर आतलं गिंबल बेअरिंगही (शाफ्टला आधार देणारं) गंजून गेलं होतं. तेव्हापासून माझा नेम आहे : भाता तपासायचा ड्राइव्ह वर करून, आणि बोट ठेवायची ड्राइव्ह खाली करून, सुकाणू सरळ ठेवून.

खाली ठेवण्याची आणखी कारणं आहेत. खाली असताना ड्राइव्हमधलं थंड करणारं पाणी आपोआप गळून जातं. वर असताना ते साचतं, त्यात पावसाचंही भर घालतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, त्यामुळे कडक थंडीच्या ठिकाणी ॲल्युमिनियमचं आवरण तडकायला एक रात्र पुरते. आणि ड्राइव्ह उचलणाऱ्या दोन सिलिंडरांचे चकचकीत दांडे खाली असताना आत झाकलेले राहतात, त्यांना खड्डे पडत नाहीत.

जमिनीचं म्हणाल, तर ट्रेलरची चाकं जाड फळ्यांवर चढवा आणि चाकांना पुढून-मागून अडण लावा. बोटीचं नाक किंचित वर राहू द्या आणि मागचं बुच काढून ठेवा, म्हणजे तळातलं पाणी निघून जाईल. तळाच्या पात्यावर जुनी बादली पालथी घालून लाल फडकं बांधलं, की कोणी ठेचकाळत नाही. रस्त्याने बोट नेताना मात्र ड्राइव्ह वर, आधार लावूनच.

प्रश्न : नवीन हंगामाला ड्राइव्हचं ऑइल बदलायचंच आहे. मग आत्ता बदलून दोनदा खर्च कशाला?

उत्तर : दोनदा नाही, एकदाच; पण आत्ता. बोट बाहेर काढल्यावर एक रात्र तशीच राहू द्या. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. सकाळी खालचा स्क्रू अगदी केसभर सैल करा आणि पहिला थेंब बोटावर घ्या. तो नितळ पाण्याचा असेल, किंवा ऑइल दुधाळ असेल, तर कुठलं तरी सील गेलंय. हे आत्ता कळलं तर दुरुस्तीला चार महिने आहेत. हंगामाच्या तोंडावर कळलं, तर तोवर गिअर आणि बेअरिंगं त्या पाण्यात मुरलेली असतील.

स्क्रूच्या लोहचुंबकावर काजळीसारखा मऊ लेप असला तर चिंता नको. नखाला टोचणारे कण असले, तर मेकॅनिकला दाखवा.

नवं ऑइल खालच्या भोकातूनच पंपाने चढवायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. भरल्यावर आधी वरचा स्क्रू बंद करा, मगच पंप काढून खालचा लावा. वरून हवा येत नसली की ऑइल खाली सांडत नाही. दोन्ही वायसर नवे घाला. इथे काटकसर केली, तर हीच तक्रार पुढच्या वर्षी परत येणार.

प्रश्न : पंखा काढून ठेवायलाच हवा का?

उत्तर : हो. पंख्यामागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली असते, ती बाहेरून दिसत नाही. शाफ्टच्या सीलमध्ये घुसली की वरच्या उत्तरातलं दुधाळ ऑइल झालंच म्हणून समजा. शाफ्टच्या खाचांना पाण्याने न निघणारं ग्रीस लावा. ड्राइव्हऐवजी गंज स्वतःवर घेणारे झिंकचे ठोकळे निम्मे झिजले असतील तर तेही बदला. त्यांना रंग मात्र फासू नका, रंगाखाली ते काम करत नाहीत.

प्रश्न : बोट उभी असताना महिन्यातून एकदा दोन मिनिटं इंजिन चालू करतो. चांगलंच ना?

उत्तर : दोन मिनिटांत इंजिन तापत नाही, आत ओल मात्र धरते. आणि पाणी न जोडता चालवत असाल, तर थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचं चक्र) काही सेकंदांत करपतो. चालू करायचंच झालं, तर पाणी ओढण्याच्या जाळ्यांवर नळीच्या रबरी वाट्या बसवा, आधी नळ सोडा, मग किल्ली फिरवा. ड्राइव्ह खाली, गिअर न्यूट्रलला, पंखा काढलेला, आणि इंजिन मंद ठेवून पूर्ण तापेपर्यंत चालवा. ड्राइव्ह वर असताना तर अजिबात नाही. वाकड्या कोनात फिरणारे ते युनिव्हर्सल जॉइंट कसे खडखडतात, हे मी एकदा ऐकलंय.